हर्पीस असताना बायकोला लागण होण्याचा धोका: किती, केव्हा आणि तो कमी कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३३, नोकरी मुंबईत, घर राजापूर तालुक्यात. लग्नाला दोन वर्षं झाली. बायको गावी सासू-सासऱ्यांजवळ. गणपती, शिमगा आणि मे महिना धरून वर्षाकाठी दीड महिना एकत्र राहणं होतं. जुलैत शिश्नावर दुखरे फोड आले, स्वॅबच्या (फोडातून काडीने घेतलेल्या नमुन्याच्या) पीसीआर तपासणीत, जी थेट विषाणू शोधते, एचएसव्ही-२ हा जननेंद्रियाच्या हर्पीसचा नेहमीचा विषाणू निघाला. गणपतीत संबंध आले, तेव्हा फोड नव्हते आणि कंडोमही नव्हता. गणपतीनंतर पंधरा दिवसांनी ‘साधी तपासणी’ म्हणून बायकोचं रक्त तपासलं: एचएसव्ही-१ आयजीजी (लागणीनंतर रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्यं) पॉझिटिव्ह, एचएसव्ही-२ आयजीजी निगेटिव्ह. लग्नाआधी तुमचे संबंध होते, लग्नानंतर बाहेर कुणाशी नाहीत. आता विचारायचं आहे ते असं: संबंध बंद ठेवायचे का, कंडोम पुरेल का, गोळ्या घ्यायच्या का, तिला सांगायलाच हवं का, आणि पुढच्या वर्षी मूल हवंय त्याचं काय.

आधी रिपोर्ट. तुमचा पीसीआर ताज्या फोडातून घेतलेला आहे, त्यामुळे निदानाबद्दल शंका नाही. बायकोचा एचएसव्ही-२ निगेटिव्ह आहे, पण तो फक्त गणपतीच्या आधीपर्यंतचा हिशेब सांगतो. लागण झाल्यावर रक्तात आयजीजी दिसायला काही आठवडे लागतात, खात्रीने बोलायचं तर १२ आठवडे धरावे. म्हणजे गणपतीतल्या संबंधातून लागण झाली की नाही हे पंधरा दिवसांच्या रिपोर्टवरून कळत नाही. मधल्या काळात बिनकंडोमचा संबंध न येऊ देता १२ आठवडे उलटल्यावर तीच तपासणी परत करा. ‘टाइप-स्पेसिफिक आयजीजी’ (एचएसव्ही-१ आणि २ वेगवेगळे दाखवणारी) अशी लिहूनच मागा. आयजीएम (दुसऱ्या प्रकारची प्रतिद्रव्यं) नको. तो जुन्या आजारातही पॉझिटिव्ह येतो, एचएसव्ही-१ आणि २ यांच्यात घोळ करतो आणि त्याच्यावरून घरात भांडणं लागतात. तालुक्याच्या लॅबमध्ये गरोदर बाईच्या ‘टॉर्च’ (बाळाला बाधणाऱ्या काही संसर्गांची एकत्र) तपासणीत हर्पीसचा आयजीएम सर्रास असतो. त्यावरून कुणी हर्पीसचं निदान केलं तर मान्य करू नका. आयजीजीच्या आकड्याकडेही बघा. बऱ्याच किटवर १.१ च्या वर पॉझिटिव्ह छापतात, पण १.१ ते ३ या पट्ट्यात एचएसव्ही-२ चे खोटे पॉझिटिव्ह बरेच निघतात. तिथे दुसऱ्या पद्धतीच्या तपासणीने खात्री केल्याशिवाय काही ठरवायचं नाही.

एचएसव्ही-१ पॉझिटिव्ह हे वाचून घाबरायचं कारण नाही. तो बहुधा लहानपणी घरातल्या कुणाच्या मुक्यातून आलेला असतो, ताप आला की ओठाच्या कडेला उठणाऱ्या फोडांचा विषाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या जगातल्या निम्म्याहून बऱ्याच जास्त लोकांत तो आहे. आणि गावात कुणी हर्पीस ऐकून नागीण समजलं तर ती निराळी: नागीण कांजिण्यांच्या विषाणूची, संबंधातून येत नाही, तिच्या गोळ्यांचा डोसही वेगळा. नागिणीसाठी कुणाला दिलेली चिठ्ठी तुमच्या कामाची नाही.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. फोड असतील तेव्हाच लागण होते ही समजूत चुकीची आहे. एकदा शिरलेला विषाणू कमरेखालच्या मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन राहतो. सुरणाचा कांदा जमिनीत राहतो आणि पाऊस पडला की कोंब वर येतो, तसा तो मधूनमधून नसांतून कातडीवर येतो. कधी फोड घेऊन येतो, बहुतेक वेळा काहीच न दाखवता येतो आणि जातो. एचएसव्ही-२ च्या रुग्णांनी रोज स्वतः स्वॅब घेऊन केलेल्या अभ्यासात, ज्यांना फोड येतात त्यांच्यात साधारण २० टक्के दिवस विषाणू सापडला. ज्यांना आयुष्यात कधी फोड आल्याचं आठवत नाही त्यांच्यातही सुमारे १० टक्के दिवस. यातल्या कित्येक खेपा अर्ध्या दिवसात आटोपतात. म्हणून ‘आज तपासू आणि निगेटिव्ह आलं तर आज जवळ येऊ’ असं करता येत नाही. अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या जोडप्यांच्या अभ्यासात जोडीदाराकडून झालेल्या लागणीपैकी सुमारे ७० टक्के अशा वेळी झाल्या, जेव्हा समोरच्याला एकही फोड नव्हता. फोड असताना दुखतं, माणूस आपोआप लांब राहतो. साफ कातडीच्या दिवशी कुणी सावध नसतं, म्हणून आकडा तिकडे झुकतो. गणपतीतल्या संबंधाकडेही असंच बघा. फोड नव्हते म्हणजे धोका शून्य होता असं नाही, आणि लागण झालीच असेल असंही नाही.

मग धोका किती? पुरुषाकडून स्त्रीला होणारी लागण उलट दिशेपेक्षा बरीच जास्त असते, कारण योनीची आतली नाजूक त्वचा मोठी आणि ओलसर. जोडप्यांच्या एका मोठ्या अभ्यासात दर १०,००० संबंधांमागे स्त्रियांमध्ये सुमारे ९ आणि पुरुषांमध्ये दीड लागण दिसली. तुमच्या दीड महिन्यात वर्षाला ५० संबंध धरले तर ५० × ९ भागिले १०,००० म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास. शंभर अशा जोडप्यांत वर्षभरात चार-पाच बायकांना लागण, बाकीच्यांना नाही. हा आकडा फोडांच्या वेळी लांब राहणाऱ्या, आजार माहीत असणाऱ्या जोडप्यांचा आहे हे विसरू नका. ज्यांना माहीतच नाही त्यांचा वर जातो. आणि ज्याला लागणच अलीकडे झालेली आहे त्याच्या अंगावर पहिले काही महिने विषाणू जास्त वेळा येतो, त्याचाही वर जातो. तुमचं लग्नाआधीचं असेल तर तो काळ बहुधा मागे पडला.

तिला एचएसव्ही-१ आहे म्हणून एचएसव्ही-२ होणार नाही, असं कुणी सांगेल. काही अभ्यासांत थोडं संरक्षण दिसलं, काहींत दिसलं नाही. त्यावर विसंबू नये. एवढं खरं की लागण झालीच तर पहिला झटका सौम्य जातो.

हा साडेचार टक्क्यांचा आकडा खाली आणायची साधनं चार आहेत आणि ती एकमेकांवर चढवायची असतात: चाहूल ओळखणं, गोळी, कंडोम आणि तिला माहीत असणं. एकटं कुठलंच पुरत नाही.

चाहुलीपासून सुरुवात करतो, कारण ती फुकट आहे आणि लोक तिथेच चुकतात. फोड उठण्याआधी काही तास ते दोन दिवस त्या जागी मुंग्या, चुरचुर, खाज किंवा टोचल्यासारखं होतं. काहींना ढुंगणात किंवा मांडीच्या मागून पायात कळ जाते आणि ती कंबर भरल्याची म्हणून सोडून देतात. त्या क्षणापासून संबंध बंद, तोंडाचा स्पर्शही त्या भागाला नको. मग लाली, बारीक पाण्याचे फोड, फुटून उथळ जखमा, खपली, नवी कातडी. जुन्या आजारात हे सगळं पाच ते दहा दिवसांत होतं, पहिल्या झटक्यात दोन ते चार आठवडे. खपली पडून खाली पूर्ण नवी कातडी दिसेपर्यंत थांबायचं, आणि माझं मत विचाराल तर त्यावर आणखी दोन दिवस. ओलसर जागी खपली धरतच नाही, तिथे दुखणं थांबलं आणि कातडी सलग दिसली की मोजायला लागा.

कोकणात एक घोटाळा कायम होतो. जून ते सप्टेंबर ओले कपडे, घाम, जांघेत गजकर्ण. त्याच जांघेत हर्पीसची एक बारीक चीर उठली तर ती गजकर्णातच धरली जाते. ओळख अशी: गजकर्ण गोल कडेने आठवडोन्‌आठवडे पसरतं, बहुधा दोन्ही बाजूंना, आणि मुख्य त्रास खाजेचा. हर्पीस बहुतेक वेळा एका बाजूला, दरवेळी जवळपास त्याच जागी, खाजेपेक्षा जळजळ आणि दुखणं जास्त, दहा दिवसांत आपोआप साफ, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तिथेच. दोन्ही एकत्रही असू शकतं. मेडिकलमधून कुणी न विचारता आणलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब दोन्हींवर घातक: गजकर्ण फोफावतं, हर्पीस लांबतो आणि कातडी पातळ होऊन चिरा पडतात, म्हणजे विषाणूला बाहेर पडायला आणखी वाट. हर्पीसवर लावायचं मलमही, अगदी अ‍ॅसायक्लोव्हिरचं असलं तरी, जननेंद्रियाच्या बाबतीत फारसं उपयोगी नाही. काम गोळी करते.

चुना, लसूण, झाडपाला, आणि एसटी स्टँडच्या मुतारीतल्या भिंतीवरच्या ‘गुप्तरोग मुळापासून बरा’वाल्या जाहिराती यांच्याबद्दल एकच वाक्य: फोड दहा दिवसांत मुळातच बसतात, म्हणून नवव्या दिवशी जे लावलं त्याला श्रेय मिळतं.

गोळीविषयी. फोड आल्यावर घ्यायचा डोस आणि जोडीदाराला वाचवायला रोज घ्यायचा डोस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चिठ्ठी घेताना डॉक्टरांना दोन्ही विचारा. पहिल्या झटक्याला अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा, सात ते दहा दिवस. सरकारी दवाखान्यात लाल रंगाचं किट मिळतं त्यात हेच असतं, सात दिवसांचं. पुढच्या झटक्यांना व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, तीन दिवस. चाहूल लागल्यापासून पहिल्या २४ तासांत सुरू केली तरच मजा आहे, चौथ्या दिवशी सुरू करून पदरात काही पडत नाही. म्हणून हा तीन दिवसांचा कोर्स पाकिटात ठेवलेला बरा. गणपतीला निघताना रात्रभर गाडीत उभं राहून, झोपेचं खोबरं करून, पावसात भिजून घरी पोचलात की नेमका त्याच आठवड्यात झटका येणं अगदी नेहमीचं आहे. जागरण, ताप, घर्षण हे सगळे त्याला उठवतात.

रोजच्या गोळीचा पुरावा २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतला आहे. एकाला एचएसव्ही-२ आणि दुसऱ्याला नाही अशी सुमारे १,५०० जोडपी, आठ महिने. ज्याला आजार त्याने व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मि.ग्रॅ. रोज एक घेतली, तिथे जोडीदाराला लागण १.९ टक्के, खोटी गोळी घेणाऱ्यांकडून ३.६ टक्के. जवळपास निम्मी. लागून फोड येण्याइतका आजार होण्याचं प्रमाण तर पाऊणपटीने घटलं. अ‍ॅसायक्लोव्हिर स्वस्त म्हणून ४०० मि.ग्रॅ. दोनदा रोज अशी बरेच जण लिहून देतात. फोड रोखायला ती चांगली आहे, विषाणूचं बाहेर पडणंही कमी करते. पण लागण रोखायला ती चालते असा पुरावा नाही. एचआयव्हीही असलेल्या आफ्रिकी जोडप्यांत ती तपासली तेव्हा एचएसव्ही-२ ची लागण कमी झाली नाही. खिशाला झेपत असेल तर या कामासाठी व्हॅलासायक्लोव्हिरच घ्या. वर्षाला दहा किंवा जास्त झटके येणाऱ्याला ५०० पुरत नाही, त्याचा डोस डॉक्टर १ ग्रॅम करतात.

तुम्ही वर्षातले साडेदहा महिने बायकोपासून लांब असता. चाचणीत लोकांनी रोज, सलग गोळी घेतली होती. पण झटके वारंवार येत नसतील तर गावी निघण्याच्या आठवडाभर आधी सुरू करून मुक्कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत रोज घेणं हा तुमच्यासारख्या चाकरमान्याला परवडणारा आणि तर्काला धरून असलेला मार्ग आहे. गावच्या गडबडीत गोळी चुकते, म्हणून दात घासण्याशी जोडा. आल्या दिवशी पहिली गोळी घेऊन त्या रात्रीचा धोका घटत नाही. मूत्रपिंडाचा त्रास, मुतखड्याचा जुना इतिहास असेल तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते दाखवणारं) तपासून डोस ठरवावा. मे महिन्यात आंबे उतरवताना दिवसभर घाम गाळत असाल तर पाणी भरपूर प्या, आणि अंगदुखीच्या गोळ्यांची सोबत टाळा. बाकी ही औषधं वर्षानुवर्षं घेतली जातात. रोज १ ग्रॅम सहा महिने घेणाऱ्या पुरुषांत शुक्राणूंची संख्या किंवा हालचाल बिघडलेली दिसली नाही, तेव्हा मूल हवंय म्हणून गोळी बंद करू नका.

कंडोम. तो झाकतो तेवढ्याच कातडीचं रक्षण करतो. फोड वृषणावर, जांघेत, ढुंगणावर असतील किंवा विषाणू तिथून बाहेर पडत असेल तर तिथे उपयोग नाही. अभ्यासांत नेमाने वापरणाऱ्यांत लागण सुमारे तीस टक्क्यांनी कमी दिसते. पुरुषाकडून स्त्रीला जाणाऱ्या दिशेने मात्र त्याचा फायदा त्याहून बराच जास्त आहे, कारण विषाणू बहुतेक वेळा शिश्नाच्या झाकल्या जाणाऱ्या भागावरच असतो. म्हणजे तुमच्या बाबतीत कंडोम हा कामाचा आहे. अट एकच, तो अगदी सुरुवातीला चढवायचा. आधी थोडा वेळ तसंच आणि मग शेवटी कंडोम, ही पद्धत गर्भ रोखायलाही अपुरी आणि हर्पीसला तर निरुपयोगी.

खोबरेल तेल नको. प्रत्येक घरात बाटली असते, हात तिकडेच जातो, आणि तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होऊन फाटतो. व्हॅसलिन, तूप, लोणी यांचंही तेच. पाण्यात विरघळणारी जेल मेडिकलमध्ये मिळते, ती घ्या. कोरडेपणाने घासून तिच्या त्वचेला न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि विषाणू आत जायला तेवढं पुरतं. त्याच कारणासाठी जवळ येण्याच्या दिवशी केस रेझरने काढू नका, दोघांनीही. दुकानात मागायला संकोच वाटत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे निरोध मोफत असतो. गावातल्या आशाताईंकडून घेणं नको वाटलं तर मुंबईतून घेऊन जा, फक्त गाडीच्या टपावरच्या तापलेल्या बॅगेत किंवा पँटच्या मागच्या खिशात महिनाभर ठेवू नका.

तुमच्या आकड्यांना हे लावून बघू. साडेचार टक्के, गोळीने निम्मे म्हणजे सव्वादोन, त्यावर नेमाने कंडोम म्हणजे वर्षाला एक-दीड टक्क्याच्या आसपास. हा ढोबळ हिशेब आहे, दोन्ही एकत्र वापरल्याची वेगळी मोठी चाचणी त्यामागे नाही. पण संबंध कायमचे बंद करण्याची गरज नाही, एवढं त्यातून स्पष्ट होतं.

घरातल्या इतरांना काही होत नाही. एकच संडास, एकच न्हाणीघर, विहिरीचं पाणी, एकत्र धुतलेले कपडे, पोहणं, यातून हा आजार जात नाही. अंगाबाहेर विषाणू फार टिकत नाही. आईने तुमचं ताट वेगळं केलं तर त्याची गरज नाही. फोड असताना हात साबणाने धुवा आणि डोळ्यांना लावू नका, लेन्स लावत असाल तर जास्तच जपा. ओठावर फोड आलेल्या कुणीही तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये, मग ती आजी असो की आत्या.

आणि तोंडाच्या संबंधाबद्दल, कारण हे कुणी विचारत नाही. बायकोच्या ओठातला एचएसव्ही-१ तुमच्या जननेंद्रियाला लागू शकतो. तुमची एचएसव्ही-१ तपासणी झालेली दिसत नाही. तिच्या ओठाला चुरचुर किंवा फोड असेल तेव्हा ते टाळा, बाकी वेळी त्याची फार धास्ती नको. उन्हात फोड उठत असतील, होडीवर जाणाऱ्यांना किंवा दिवसभर शेतात असणाऱ्यांना ते जास्त होतं, तर टोपी आणि ओठाला सनस्क्रीन असलेला बाम.

आता सांगण्याचं. तिला न विचारता, खोटं कारण देऊन रक्त काढलंत हे बरोबर झालं नाही, आणि लपवण्यातून धोका वाढतो याला पुरावाही आहे. नवी लागण झालेल्या जोडप्यांच्या अभ्यासात, ज्यांना जोडीदाराने आधी सांगितलं होतं त्यांना लागण व्हायला मध्यम कालावधी २७० दिवस लागला, ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांना ६० दिवस. कारण उघड आहे. जिला माहीत आहे ती ‘आज नको’ म्हणू शकते, चुरचुर झाली का विचारते, कंडोमची आठवण करते. जिला माहीत नाही ती नवऱ्याने अचानक कंडोम का आणला म्हणून संशय घेते.

कुठे आणि कसं? गणपतीच्या भरल्या घरात नाही, आणि फोनवरही नाही, जिथे सासूबाई चुलीजवळ बसून ऐकतात. शक्य असेल तर तिला आठ-पंधरा दिवस मुंबईला आणा किंवा रत्नागिरीला डॉक्टरांकडे दोघं जा. चार गोष्टी स्पष्ट बोला: आजाराचं नाव, तो बहुधा लग्नाआधीचा आहे आणि कित्येक वर्षं काही न दाखवता राहू शकतो, तिचा रिपोर्ट काय आहे आणि तो परत का करायचा, आणि तुम्ही काय करणार आहात, गोळी, कंडोम, चाहुलीच्या दिवशी लांब. लग्नाआधीचं सांगावं लागेल. ते टाळून ‘उष्णतेने आलं’ असं म्हटलंत आणि उद्या तिला फोड आले तर तुमच्याच घरात ‘सूनच काहीतरी घेऊन आली’ हे ऐकायला ती एकटी उभी असेल. हे होतं. गोळ्यांची स्ट्रिप फडताळात दुसऱ्या कुणाला सापडण्याआधी तिला तुमच्या तोंडून कळलेलं बरं. दोघांपैकी कुणाचाही आयजीजी पॉझिटिव्ह आला तरी त्यावरून लागण कोणत्या वर्षी झाली हे सांगता येत नाही, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

मूल. यात एक उफराटी गोष्ट आहे. जिला आजार जुना आहे तिच्या बाळाला बाळंतपणात लागण होण्याचा धोका १ टक्क्याहून कमी, कारण आईची प्रतिद्रव्यं बाळात उतरलेली असतात. जिला गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत नवीन लागण झाली तिच्या बाळाला धोका ३० ते ५० टक्के, आणि नवजात बाळाचा हर्पीस मेंदूवर जाऊ शकतो. म्हणजे तुमची बायको निगेटिव्ह आहे म्हणूनच तिला गरोदरपणात जास्त जपायला हवं.

क्रम असा ठेवा. आधी तिची १२ आठवड्यांनंतरची तपासणी. ती निगेटिव्ह आली तर कंडोम फक्त गर्भ राहण्याच्या दिवसांत सोडायचा, बाकी सगळे दिवस चालू. पाळी नियमित २८ दिवसांची असेल तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून १० ते १५ हे दिवस, अनियमित असेल तर मेडिकलमधलं ओव्ह्युलेशन किट (अंडं सुटण्याचे दिवस सांगणारं). तुम्ही त्या सबंध काळात रोजच्या गोळीवर, आणि त्या सहा दिवसांत चाहूल लागली तर तो महिना सोडून द्यायचा. रजा आणि पाळी यांची तारीख जुळवावी लागेल, गणेश चतुर्थी काही पाळी विचारून येत नाही. तिलाच दोन-तीन महिने मुंबईला आणणं जास्त सोपं. फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून, पण ते तर कुणालाही.

दिवस गेल्यावर परत कंडोम, प्रत्येक वेळी. सातव्या महिन्यापासून संबंध नकोच, आणि तुमच्या ओठाला कधी फोड येत असतील तर तोंडाचेही नकोत. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर तुमच्या डॉक्टरांनी केसपेपरवर ‘पतीस एचएसव्ही-२, पत्नी निगेटिव्ह’ असं लिहिलेलं तिकडच्या डॉक्टरांपर्यंत पोचलंच पाहिजे. माहेरी नेलेल्या फाइलमधून नेमकी हीच ओळ गळते, कारण ती कुणाला दाखवायची नसते. गरोदरपणात तिला फोड आलेच तर गर्भपाताचा विचार करायचं कारण नाही. अ‍ॅसायक्लोव्हिर गरोदरपणात देता येतं. ३६ व्या आठवड्यापासून ४०० मि.ग्रॅ. तीनदा रोज देतात, आणि कळा सुरू झाल्यावर फोड किंवा चाहूल असेल तर सिझेरियन करतात. शेवटच्या तीन महिन्यांत नवीनच लागण झाली असेल तर फोड दिसत नसले तरी डॉक्टर सिझेरियनचाच विचार करतात.

तुमच्या स्वतःच्या दोन तपासण्या झाल्या आहेत का ते प्रश्नात नाही. जननेंद्रियावर जखम आली की हर्पीस निघाला तरी व्हीडीआरएल (उपदंशाची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही करायचीच. उपदंशाची जखम एकटी, टणक, न दुखणारी असते, पण दोन्ही आजार एकत्र असू शकतात. शिवाय एचएसव्ही-२ असलेल्याला एचआयव्ही लागण्याचा धोका सुमारे तिप्पट होतो. या तपासण्या सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसी (समुपदेशन आणि एचआयव्ही तपासणी) केंद्रात मोफत आणि गुप्त होतात. लैंगिक आजारांच्या बाह्यरुग्ण विभागाला तिथे ‘सुरक्षा क्लिनिक’ म्हणतात; रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. गावात ओळखी निघतील असं वाटत असेल तर मुंबईतल्या सरकारी रुग्णालयात जा. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात.

शेवटचं, तिला काही उठलं तर. लागण झाल्यापासून २ ते १२ दिवसांत, बहुधा चौथ्या दिवसाच्या आसपास पहिला झटका येतो: ताप, अंगदुखी, जांघेत गाठी, लघवी करताना आग. बायकांत हे ‘लघवीला जळजळतंय’ म्हणून लघवीच्या जंतुसंसर्गाच्या गोळ्यांवर जातं आणि तपासणी होतच नाही. लघवी कोंडली, मान आखडून डोकं दुखायला लागलं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय. नाहीतर फोड ताजे असताना, पहिल्या ४८ तासांत, स्वॅब गेला पाहिजे. सुकलेल्या खपलीतून पीसीआर बऱ्याचदा निगेटिव्ह येतो आणि मग वर्षभर संशयात जातं. तालुक्याला स्वॅब घेऊन मुंबईच्या लॅबला पाठवतात, सगळीकडे नाही. म्हणून गरज पडण्याआधीच, आत्ताच, राजापूर किंवा रत्नागिरीच्या लॅबला फोन करून विचारून ठेवा की एचएसव्ही पीसीआरचा स्वॅब घेतात का, कोणत्या वारी नमुने जातात आणि घेणारी बाई आहे का. स्वॅब झाला की रिपोर्टची वाट न बघता गोळ्या त्याच दिवशी सुरू.